कमरेचं रिव्हॉल्व्हर : ताकद कुणाच्या हातात, धोका कुणाच्या घरात?

वाचकहो, या ब्लॉगवर आपण बीपी, शुगर, सर्पदंश आणि लहान मुलांचा ताप यांबद्दल बोलतो. आज विषय वेगळा वाटेल, पण तो आरोग्याचाच आहे. रिव्हॉल्व्हर.

आपल्या रहिमतपूर-कोरेगाव भागात बंदूक नवी नाही. अपशिंग्यासारखी सैनिकांची गावं जवळ आहेत. निवृत्त जवान बारा बोअर घेऊन बँकेच्या दारात उभा असतो, तो आपल्या ओळखीचा असतो. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती गेल्या काही वर्षांत वाढलेल्या दुसऱ्या हौसेबद्दल. जमिनीचा व्यवहार झाला, ठेकेदारी लागली, गावात दोन माणसं मागं फिरायला लागली, की कमरेला काहीतरी पाहिजे. तेही साधं नको, "जरा दमदार" पाहिजे. नळी आखूड, म्हणजे शर्टाखाली झाकता येईल. बोअर मोठं, म्हणजे समोरचा एका गोळीत आडवा होईल. मोबाईलवर परदेशी रेंजवरचे व्हिडिओ पाहून पोरं मला त्या रिव्हॉल्व्हरांची नावं आणि नंबर सांगतात.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. तुमच्या संरक्षणासाठी आखूड नळीचं, मोठ्या बोअरचं रिव्हॉल्व्हर हे औषध नाही. त्याचे दुष्परिणाम घरातल्यांना भोगावे लागतात आणि ज्या आजारावर ते घेतलं जातं, तो आजार त्यानं बरा होत नाही. आता एकेक मुद्दा पाहू.

मोठं बोअर म्हणजे किती मोठं?

बोअरचा आकडा म्हणजे ढोबळमानाने गोळीचा व्यास, इंचात. आपल्याकडे परवान्यावर सामान्य माणसाला मिळतं ते बहुधा .३२ चं. त्याची गोळी साधारण ८ मिलिमीटर जाड. कानपूरच्या सरकारी कारखान्यात ही रिव्हॉल्व्हरं बनतात. २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून गाजावाजा करून आणलेलं 'निर्भीक' याच बोअरचं, वजन अर्धा किलो, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास. २०२३ मध्ये आलेलं 'प्रबळ' हेही .३२ चंच, ७०० ग्रॅमचं, ७६ मिलिमीटर नळीचं.

व्हिडिओत दिसतं ते .४४ मॅग्नम वगैरे वेगळं प्रकरण आहे. गोळी जवळपास ११ मिलिमीटर जाड, वजन १५ ग्रॅमच्या पुढं. .३२ ची गोळी सहा-साडेसहा ग्रॅमची आणि सेकंदाला दोनशे मीटरच्या थोडी पुढं जाणारी. हिशेब केला तर .३२ च्या गोळीत दीडशे ज्यूलच्या आतबाहेर ऊर्जा असते, .४४ मॅग्नमच्या गोळीत आखूड नळीतूनही हजार ज्यूलच्या आसपास. म्हणजे सहा-सात पट. हा आकडा ऐकला की हौशी माणसाचे डोळे चमकतात. पण थांबा.

गैरसमज पहिला : मोठी गोळी माणसाला उडवून टाकते

सिनेमात गोळी लागली की खलनायक चार फूट मागं उडतो. प्रत्यक्षात तसं होत नाही, आणि याला पदार्थविज्ञान शिकलेला दहावीचा मुलगाही साक्ष देईल. क्रिया-प्रतिक्रिया समान. गोळी समोरच्याला जेवढा धक्का देते, तेवढाच धक्का, किंबहुना नळीतून सुटणाऱ्या वायूमुळं थोडा जास्तच, तुमच्या मनगटाला बसतो. .४४ ची पंधरा ग्रॅमची गोळी साठ किलोच्या माणसात अडकली तरी त्याचं शरीर सेकंदाला दहा सेंटिमीटर या वेगानं सरकेल. बाजारात कुणाचा खांदा लागला तरी यापेक्षा जास्त हलतो माणूस.

मग माणूस मरतो कशानं? गोळी कुठून गेली यानं. मोठी रक्तवाहिनी, हृदय, यकृत, मेंदू, मणका. रिव्हॉल्व्हरची गोळी रायफलीच्या मानानं संथ असते. ती आपल्या वाटेतलं फाडत जाते, आजूबाजूच्या उतींवर तिचा परिणाम मर्यादित असतो. म्हणून काही मिलिमीटर व्यास वाढल्यानं जीव जाणं किंवा वाचणं ठरत नाही, वाट ठरवते.

"छोटं" .३२ काय करू शकतं, हे महाराष्ट्रानं पाहिलं आहे. २२ एप्रिल २००६ ला प्रमोद महाजनांवर वरळीच्या त्यांच्या घरात सख्ख्या भावानं परवान्याच्या .३२ पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. देशातले-परदेशातले डॉक्टर, मुंबईतलं मोठं रुग्णालय, हवं ते रक्त, हवी ती यंत्रं, सगळं होतं. ३ मे ला ते गेले. पोटात गोळी शिरली की आतडी, यकृत, स्वादुपिंड, एकेक दुरुस्त करताना शल्यचिकित्सकाच्या हाती काय उरतं हे ज्यानं पाहिलंय, तो "दमदार बोअर" हा शब्द उच्चारणार नाही.

आणि आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. ते शस्त्र परवान्याचं होतं, आणि गोळ्या झाडणारा दरोडेखोर नव्हता. घरातलाच होता.

गैरसमज दुसरा : आखूड नळी म्हणजे सोय

आखूड नळी लपवायला सोयीची, हे खरं. बाकी सगळ्या बाबतीत ती गैरसोयीची आहे.

नेम धरताना मागची खाच आणि पुढची माशी एका रेषेत आणायची असते. आखूड रिव्हॉल्व्हरवर या दोघांत जेमतेम दहा सेंटिमीटर अंतर. तिथं दोन मिलिमीटरची चूक झाली तर दहा मीटरवर गोळी वीस सेंटिमीटर बाजूला जाते. छातीवर धरलेली गोळी खांद्याजवळून निघून मागच्या भिंतीत किंवा मागं उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसात जाते. हे शांतपणे उभं राहून. रात्री दोनला कुत्री भुंकताना काय होईल?

तेव्हा शरीरात ॲड्रेनलीनचा लोंढा आलेला असतो. छाती धडधडते, बोटं थरथरतात, नजर बोगद्यातून पाहिल्यासारखी अरुंद होते, आवाज ऐकू येईनासे होतात. बारीक काम करणाऱ्या स्नायूंवरचा ताबा सगळ्यात आधी जातो. कुलूप उघडताना किल्ली हातातून पडते ना, तेच. त्यात मोठ्या बोअरचा झटका .३२ च्या चौपट. पहिल्या गोळीनंतर हात वर उडतो, दुसऱ्या गोळीच्या आधीच मेंदू झटक्याला घाबरून मनगट खाली ओढतो. याला सराव नसलेला कुणीही अपवाद नाही. शिवाय रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्रात आणि नळीत एक बारीक फट असते. गोळी सुटताना तिथून बाजूला तापलेला वायू उसळतो. मोठ्या बोअरमध्ये त्या फटीजवळ अंगठा गेला तर तो भाजतो, फाटतो. मधुमेहानं बोटं बधिर झालेल्या, मनगटाची नस दबलेल्या, हात कापणाऱ्या माणसाच्या हाती हे यंत्र म्हणजे काय, याचा विचार तुम्हीच करा.

आपल्याच शेजारच्या कोल्हापूरकडं बघा. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली. राही सरनोबतनं २०१८ मध्ये पालेमबांगला आशियाई सुवर्ण घेतलं. स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकचं कांस्य आणलं. तिघांच्याही या पदकांमागं जी गोळी आहे ती .२२ ची, साडेपाच मिलिमीटरची. नेमबाजीची खरी हौस असेल त्यानं ही वाट धरावी. एअर रायफलनं सुरुवात करा, क्लबात जा, प्रशिक्षक गाठा. त्याला मी डॉक्टर म्हणूनही हो म्हणेन, एकाग्रता आणि श्वासावरचा ताबा दोन्ही सुधारतात. पण व्हिडिओतल्या झटक्याची हौस ही नेमबाजी नाही. तो फक्त आवाज आहे.

आणि आवाजाचं काय?

कानाच्या आतल्या शंखात बारीक केसांसारख्या पेशी असतात. त्या जन्माला येताना मिळतात तेवढ्याच. मेल्या की परत उगवत नाहीत. १४० डेसिबलच्या पुढचा एकच धमाका त्यांना कायमची इजा करू शकतो. बंदुकांचे आवाज साधारण १४० ते १७० डेसिबलमध्ये असतात. डेसिबलचा हिशेब सरळ बेरजेचा नसतो. १६० म्हणजे १४० पेक्षा थोडं जास्त नव्हे, ऊर्जेच्या हिशेबात शंभरपट. नळी आखूड असली की तोंडाशी होणारा स्फोट तुमच्या कानाच्या अधिक जवळ होतो. बंद खोलीत भिंती तो परत फेकतात.

लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. शेजारी उभ्या असलेल्या लहान मुलाच्या कानात त्या रात्री जी शिट्टी सुरू होते, ती काहींच्या कानात आयुष्यभर राहते. वर गेलेली गोळी कुठंतरी खाली येतेच, आणि पडणारी गोळीही कवटी फोडू शकते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा आनंदाचा गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मला विचाराल तर शिक्षा कमीच आहे.

घरात ठेवल्यानं घर सुरक्षित होतं का?

हा कळीचा प्रश्न. कारण सगळे म्हणतात, "डॉक्टर, वापरायचं नाहीच, नुसतं घरात असलं की धाक राहतो."

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात दोन कोटी साठ लाखांहून जास्त प्रौढांचा बारा वर्षं मागोवा घेतला गेला. २०२० मध्ये तो 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. हातातलं शस्त्र बाळगणाऱ्या पुरुषांत शस्त्रानं आत्महत्या होण्याचं प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या जवळपास आठपट निघालं. बायकांत पस्तीसपट. त्याच अभ्यासकांनी पुढं शस्त्रवाल्यांच्या घरात राहणाऱ्या, पण स्वतःकडे शस्त्र नसलेल्या लोकांचं पाहिलं. त्यांना जोडीदाराकडून गोळी लागून मृत्यू येण्याचं प्रमाण सातपट होतं, आणि असे मृत्यू आलेल्यांत शंभरातल्या चौऱ्याऐंशी बायका होत्या.

कॅलिफोर्निया म्हणजे कोरेगाव तालुका नव्हे, हे मला कळतं. तिथं बंदूक दुकानात मिळते, इथं कलेक्टर कचेरीच्या चकरा माराव्या लागतात. पण राग, दारू, कर्ज, भाऊबंदकी आणि निराशा या गोष्टींना पासपोर्ट लागत नाही. बांधाच्या भांडणात हातात जे सापडतं ते उचललं जातं. काठी सापडली तर डोकं फुटतं, टाके पडतात, महिन्याभरानं दोघं एकाच लग्नात जेवायला बसतात. रिव्हॉल्व्हर सापडलं तर एक जण स्मशानात आणि दुसरा कळंब्याला किंवा येरवड्याला. राग दोन्हीकडं तेवढाच होता. फरक उचललेल्या वस्तूचा.

निराशेचंही तसंच. स्वतःला संपवण्याचा विचार बहुतेकांत लाटेसारखा येतो आणि ओसरतो. ती वेळ कित्येकदा तासाभराचीही नसते. तेवढ्या वेळात जवळ जीवघेणी वस्तू नसेल तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढं आपलं आयुष्य जगतात. म्हणून मी शेतकऱ्यांना फवारणीचं औषध कुलपात ठेवा म्हणून सांगतो. इस्रायलच्या सैन्यानं २००६ मध्ये एवढंच केलं, की सुट्टीला घरी जाणाऱ्या जवानानं शस्त्र छावणीतच ठेवायचं. जवानांतल्या आत्महत्या सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाल्या. एकाही जवानाचं दुःख कमी केलं नव्हतं, फक्त वस्तू दूर ठेवली होती.

भांडण नको, निराशा नको, नुसता अपघात घ्या. १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे अभिनेते गोविंदा मुंबईतल्या घरातून प्रवासाला निघत होते. परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून निसटलं आणि गोळी त्यांच्याच पायात, गुडघ्याच्या खाली शिरली. शहरात रुग्णालय जवळ होतं, गोळी काढली गेली, माणूस बरा झाला. गुडघ्याच्या मागून पायाची मुख्य धमनी जाते. ती फाटली असती तर गोष्ट वेगळी होती. हाच प्रसंग पहाटे एखाद्या वस्तीवर घडला तर साताऱ्यापर्यंतचा रस्ता आठवून पाहा.

"पण डॉक्टर, आम्ही वस्तीवर राहतो"

हा आक्षेप खरा आहे, मी तो झटकणार नाही. मळ्यात एकटं घर, उसात बिबट्या, मोटारी-केबलची चोरी, पोलीस ठाणं लांब. भीती खोटी नाही.

पण त्या भीतीवर हे शस्त्र चालतं का, ते बघा. बिबट्यावर आखूड रिव्हॉल्व्हरनं गोळी मारणं हा गुन्हा ठरू शकतोच, शिवाय जखमी बिबट्या हा निरोगी बिबट्यापेक्षा फार वाईट. चोराच्या बाबतीत, रिव्हॉल्व्हर कुलपात असेल तर वेळेवर हाती येत नाही, आणि उशीखाली भरून ठेवलं तर वर्षाच्या ३६५ रात्री ते घरातल्या नातवंडाच्या हाताशी असतं. हा पेच मोठ्या बोअरनं सुटत नाही, वाढतो. वस्तीला खरा आधार देतात त्या साध्या गोष्टी. अंगणात हालचालीवर लागणारा दिवा, दोन चांगली कुत्री, मजबूत दार-कडी, चार वस्त्यांचा एक फोन-ग्रुप, आणि ११२ नंबर घरातल्या प्रत्येकाला पाठ. यातल्या एकाही गोष्टीनं आजवर नातवाचा जीव घेतलेला नाही.

सहीचं तेवढं बघा

२०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणं परवान्याच्या अर्जासोबत डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. अर्जदार शरीरानं आणि मनानं ठीक आहे, नशेच्या आहारी गेलेला नाही, असं. "फक्त एक सही" म्हणून जो कागद पुढं येतो, तो हाच.

माझ्या व्यवसायबंधूंना माझं सांगणं आहे. ड्रायव्हिंगच्या दाखल्यासारखी ही सही करू नका. झोप विचारा, दारू विचारा, घरातली भांडणं विचारा, कर्ज विचारा, पूर्वी कधी जीव द्यावासा वाटला का ते स्पष्ट विचारा. विचारल्यानं तो विचार मनात पेरला जात नाही, उलट माणूस मोकळा होतो. जमलं तर बायकोलाही वेगळं बसवून विचारा. परवाना मागणाऱ्याच्या घरात कुणाला भीती वाटते, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नसतं. आणि वाचकहो, एखाद्या डॉक्टरनं सही नाकारली तर रागावू नका. तो तुमच्याच घरच्यांची बाजू घेतोय.

ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांच्यासाठी

१. शस्त्र रिकामं करून कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ल्या वेगळ्या जागी.
२. जुन्या बनावटीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा थेट काडतुसावर टेकलेला असतो, पडल्यावर गोळी सुटू शकते. भरलेलं शस्त्र कपाटात, उशीखाली, गाडीच्या कप्प्यात ठेवू नका.
३. दारू प्यालेल्या दिवशी हात लावू नका. एक पेगही दारूच असते.
४. सराव फक्त रेंजवर, कानाला आणि डोळ्याला संरक्षण घालून. आल्यावर हात-तोंड धुवा, कपडे बदला, मग मुलांना घ्या. काडतुसातलं शिसं अंगावर बसलेलं असतं.
५. घरात कुणी खचलेलं असेल, आजोबांची आठवण बिघडायला लागली असेल, घटस्फोटाची किंवा वाटणीची धुसफूस असेल, तर पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ते जमा करून टाका. यात कमीपणा नाही.
६. मन फार जड झालं असेल तर 'टेलिमानस'चा १४४१६ हा मोफत नंबर रात्रंदिवस चालू असतो. मराठीतही बोलता येतं.

गोळी लागलीच तर

आधी शस्त्र बाजूला करा, मग जखमी. स्वच्छ कापडानं जखमेवर दोन्ही हातांनी जोर देऊन दाबून धरा, सारखं उचलून बघू नका. हातापायातून रक्त थांबतच नसेल तर जखमेच्या वर, सांध्यावर न येता, रुंद पट्टी करकचून आवळा आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवा. गोळी काढायचा प्रयत्न करू नका, हळद-चहापूड भरू नका, पाणीही पाजू नका. १०८ ला फोन करा. बाहेर छोटं भोक दिसतं म्हणून "खरचटलंय" असं समजू नका. ही पोलीस केस असते, पण उपचार त्यासाठी थांबत नाहीत, थांबवू देऊ नका.

शेवटी एवढंच. कमरेला शस्त्र लावून चौकात उभं राहणाऱ्याला लोक वाट देतात, हे खरं आहे. पण संध्याकाळी घरी गेल्यावर ते रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं जातं, आणि त्या टेबलाभोवती तुमची आई, बायको, पोरं वावरतात. चौकातला मान घ्यायचा आणि त्याची किंमत त्यांनी मोजायची, हा व्यवहार मला मान्य नाही. तुम्हालाही नसावा. परवान्याचा अर्ज भरण्याआधी तो घरात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा, आणि त्यांच्या चेहऱ्याकडं बघा. उत्तर तिथंच मिळेल.

काळजी घ्या. प्रश्न असतील तर दवाखान्यात जरूर विचारा.